फर्नेस चांगला, पण तक्ता दाराच्या आत!

शिकागोच्या उपनगरात राहतो, म्हणजे थंडीबद्दल वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये घर गरम ठेवणारा हा गॅसवरचा, ९६ टक्के कार्यक्षमतेचा फर्नेस बसवला. पहिला हिवाळा इतका निवांत गेला की खाली बेसमेंटमध्ये तो आहे हेच विसरलो होतो.

या जानेवारीत एका शनिवारी पहाटे थंडीने जाग आली. थर्मोस्टॅट ६८ वर, घर ५९ वर, बाहेर शून्य. (फॅरनहाइट हो. आईला फोनवर उणे अठरा सांगितलं, तर तिलाच हुडहुडी भरली.) खाली जाऊन पाहिलं. छोटा पंखा घुर्र करतो, आग पेटवणारा इग्नायटर लालभडक होतो, बर्नर भपकन पेटतात आणि चार-पाच सेकंदांत खट्! सगळं विझतं. असं तीन-चारदा झालं, मग महाशय गप्प.

आता माझी खरी तक्रार. बिघाड सांगणारा दिवा आहे, पण तो फर्नेसच्या खालच्या दारामागे. रुपयाएवढ्या काचेतून पाहायचा आणि किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं, तेही गार फरशीवर आडवं पडून. त्या लुकलुकण्याचा अर्थ सांगणारा तक्ता कुठे चिकटवलाय? त्याच दाराच्या आतल्या बाजूला! दार काढलं की सेफ्टी स्विच वीज तोडतो आणि दिवा जातो. दिवा दिसतो तेव्हा तक्ता नाही, तक्ता दिसतो तेव्हा दिवा नाही. ज्याने हे ठरवलं त्याला एकदा जानेवारीत माझ्या बेसमेंटमध्ये झोपवायला हवं.

सर्व्हिसवाला आला. शनिवार म्हणून १८९ डॉलर. वॉरंटी पार्ट्सची आहे, सफाईची नाही म्हणे. त्याने एक स्क्रू काढला, पेन्सिलपेक्षा बारीक दांडी बाहेर घेतली, स्टील वूलने घासली, परत लावली. दहा मिनिटं. मिनिटाला जवळजवळ एकोणीस डॉलर!

ती दांडी म्हणजे फ्लेम सेन्सर. ज्योतीतून तिच्यात मायक्रोअँपिअरभर करंट वाहतो, त्यावरून फर्नेस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला आग पेटल्याचं कळतं. दांडीवर पुटं चढली की आग असूनही बोर्डाला ती दिसत नाही आणि तो गॅस तोडतो. तोडायलाच हवा म्हणा, न जळलेला गॅस साठण्यापेक्षा कुडकुडलेलं बरं. आई म्हणाली, "म्हणजे स्टोव्हला पिन मारल्यासारखंच की. त्याचे एवढे पैसे?"

इथवर लिहून दोन तारे देणार होतो. पण सर्व्हिसवाल्याने जाता जाता विचारलं होतं, बेसमेंटमध्ये काही काम काढलं होतं का? काढलं होतं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचे चार दिवस मी खाली ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचे जिप्समचे तक्ते, घासत होतो, फर्नेस चालूच. जळणासाठी बाहेरून हवा आणणारा दुसरा पाइपही ४०० डॉलर वाचवायला मीच नको म्हटला होता. त्यामुळे फर्नेस बेसमेंटचीच हवा ओढतो, घासण्याच्या त्या पांढऱ्या पिठासकट.

मग धुळीच्या धसक्याने मर्व्ह १३ चा जाड फिल्टर लावला (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा). फेब्रुवारीत नवं नाटक: बर्नर मध्येच बंद, पंखा मात्र गार हवा फेकतोय. हवा पुरेशी खेळत नसल्याने आत फार तापलं की बर्नर बंद करणारा लिमिट स्विच उडत होता. आता मर्व्ह ८, दर दोन महिन्यांनी नवा.

दांडी आता मीच घासतो, वीज आणि गॅस बंद करून. तक्त्याचा फोटो छापून दारावर बाहेरून चिकटवलाय. चार तारे. कंपनीने तक्ता बाहेर लावला की पाचवा.