हातोडी लाकडी दांड्याची घ्यावी की पाइपाची?

खिळे उपटायचा पंजा असलेली हातोडी मागितली की दुकानदार दोन पुढे ठेवतो. एक लाकडी दांड्याची, दुसरी लोखंडी पाइपाच्या दांड्याची, वर काळं रबर चढवलेली. माझ्याकडे दोन्ही आहेत. खिळा ठोकताना पाइपाचा हादरा कोपरापर्यंत जाणवतो, पण तेवढ्यावरून मी काही ठरवलं नसतं. खरा फरक कळतो तो उपटताना.

2019 च्या पुरात सांगलीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं. ओसरल्यावर माळ्याच्या फुगलेल्या फळ्या सोडवायच्या होत्या. तीन इंची खिळे, सगळे गंजून लाकडात रुतलेले. दांडा मोडायची भीती नको म्हणून मी पाइपाचीच हातोडी उचलली. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी रबरी मूठ पाइपावर गरगर फिरायला लागली. खिळा पंजात धरून जोर लावावा, तर मूठच सरकून हातात यायची आणि खिळा जागचा हलायचा नाही. शेवटी वैतागून मूठ ओढून काढली, तर आत गंजाचं तांबूस पाणी साचलेलं. मूठ गेल्यावर नुसत्या गुळगुळीत पाइपावर ओला हात ठरेना.

मग लाकडी काढली आणि उरलेलं काम तिनेच झालं. पंजाच्या बाजूने डोक्याखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवला की दांड्यावर ताण कमी येतो आणि खिळा वाकडा न होता वर येतो.

लाकडी दांड्याला जपावं लागतं, हे मान्य. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो सुकतो आणि डोकं हलायला लागतं. हलणारं डोकं घेऊन एकही ठोका मारू नये, उडालं तर जिवावर बेतेल. पुष्कळ जण हातोडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. त्या दिवसापुरतं डोकं घट्ट बसतं, सुकलं की आधीपेक्षा ढिलं होतं. त्यापेक्षा डोक्याच्या भोकात दांडा घट्ट धरणारी पाचर नीट ठोकून घ्यावी. मी दरवर्षी चैत्रात पाचर तपासतो आणि दांड्याला जवसाचं तेल चोळतो.

रोज सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅबसाठी फळ्यांचा साचा ठोकायच्या कामावर, राबणाऱ्याला कदाचित पाइपाचीच सोयीची वाटेल. मूठ पक्की बसवलेली, एकसंध पोलादाची मिळाली तर तीही बघावी, फक्त पैसे जास्त मोजावे लागतात. घरच्या कामाला मात्र मी लाकडीच सुचवेन. माझ्या हातोडीचा दांडा आजवर दोनदा बदलला, दोन्ही वेळा सुताराकडून बाभळीचा घालून घेतला. डोकं अजून पहिलंच आहे.