'मुलांना घेऊन या, डिनर आमच्याकडून' : आमचे 79 हजार कसे गेले

हे लिहायचं नव्हतं खरं तर, कारण लिहायचं म्हणजे आपण किती येडे बनलो ते चार लोकांना सांगायचं. पण गेल्या आठवड्यात आमच्या शॉपमधला एक पोरगा, नवीन लग्न, पहिली मुलगी दोन वर्षांची, माझ्याकडं आला आणि म्हणाला, "दादा, मला लकी ड्रॉ लागलाय, जोडीनं बोलावलंय हॉटेलात, जाऊन येऊ काय?" आणि त्यानं मोबाईलवर जो मेसेज दाखवला तो वाचून माझ्या पोटात गोळाच आला. शब्द न् शब्द तोच, ज्याला भुलून आम्ही हॉलिडे क्लबच्या सभासदत्वात 79 हजार घालवले. म्हणून लिहितोय, वाचा आणि ज्यांना पाठवायचंय त्यांना पाठवा.

मी बेळगावच्या वडगावात राहतो, उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये सुपरवायझर आहे. पगार म्हणजे घर चालतंय, चैन होत नाही असा. पण मुलं लहान असताना आम्ही फिरलोय भरपूर, आणि तेही कसं, तर लाल डब्यातनं नाहीतर भावाची जुनी अल्टो मागून घेऊन. थोरला तीन वर्षांचा असताना गोकाकचा धबधबा बघायला गेलो होतो, घटप्रभा तिथं 170 फूट खाली पडते, आणि पावसाळ्यात तो आवाज एवढा की पोरगं माझ्या मानेला जे चिकटलं ते परत गावात करदंट खायला बसेपर्यंत सुटलं नाही. आंबोलीला त्याची एक चप्पल पाण्यात गेली, मग दिवसभर एका पायात चप्पल घालून फिरला, दुसरी काढ म्हटलं तर काढेना. शिरोड्याला धाकटी पहिल्यांदा समुद्र बघून म्हणाली, "बाबा, नळ बंद करा की." सगळा खर्च मिळून दोन-अडीच हजाराच्या वर कधी गेला नाही, डबा घरचा, दशम्या आणि शेंगाची चटणी. हे सगळं आधी सांगतोय कारण त्या लोकांनी नेमकं इथंच बोट ठेवलं.

डिसेंबर 2022. गावात दरवर्षी थंडीत लागतं तसं एक प्रदर्शन लागलं होतं, पाळणे, मिरची भजी, पन्नास रुपयाला काहीही वगैरे. मुलं पाळण्यात बसलेली आणि आम्ही खाली उभे, तेवढ्यात एक मुलगी आली, हातात फुगे. धाकटीसाठी फुगा दिला आणि एक छोटा फॉर्म पुढं केला. नाव, मोबाईल, लग्न झालंय का, मुलं किती, त्यांची वयं, नोकरी की धंदा, क्रेडिट कार्ड आहे का. फुग्यासाठी भरला मी तो. क्रेडिट कार्डच्या पुढं 'होय' अशी टिक पण केली, तेव्हा डोक्यात आलं नाही की फुगा वाटणाऱ्याला माझं क्रेडिट कार्ड कशाला पाहिजे.

जानेवारीत फोन आला. आता बेळगावात राहणाऱ्यांना हे कळेल, बाकीच्यांना सांगावं लागेल. आम्हाला असले फोन येतात ते कन्नडमधनं नाहीतर हिंदीतनं. हा मराठीतनं. आणि पहिला शब्द काय, तर "जय महाराष्ट्र साहेब!" मला सांगा, इथं कोण वितळणार नाही? आडनाव बघितलं असणार फॉर्मवर, आणि गाव बघितलं असणार, बस. मी त्याला दोन मिनिटांत "तू कुठला रे बाबा" म्हणून विचारत होतो जसा काय पाहुणाच. "आपल्या माणसांसाठी खास कोटा ठेवलाय सर" म्हणाला. तुमचा नंबर लकी ड्रॉमध्ये निघालाय, तीन रात्री चार दिवस फ्री हॉलिडे, अट एकच, नवरा-बायको दोघांनी यायचं, मुलांना पण आणा, डिनर आमच्याकडून, काही विकत घ्यायचं नाही. आणि येताना आयडी प्रूफ म्हणून आधार आणि क्रेडिट कार्ड आणा. आयडी प्रूफ म्हणून क्रेडिट कार्ड! हे वाक्य कुणी म्हटलं की तिथंच फोन ठेवा, एवढं एकच जरी लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

बायको म्हणाली होती, "अहो, फुकट कोण देतंय?" मी म्हटलं डिनर तर जेवून येऊ.

हायवेजवळच्या एका हॉटेलचा हॉल. आत गेल्या गेल्या मुलांना वेगळ्या खोलीत नेलं, तिथं कार्टून आणि कुरकुरे. आम्हाला वाटलं काय सोय आहे बघ. नंतर कळलं सोय कुणाची होती ते, कारण मुलं जवळ असली की तासाभरात रडायला लागतात आणि आईबाप उठतात. हॉलमध्ये गाणी एवढी मोठ्यानं की शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते ऐकू येत नाही, नवरा-बायकोला आपसात बोलायचं तरी ओरडावं लागतंय. दर दहा मिनिटांनी कुणीतरी माईकवर ओरडायचा, "निपाणीचं कुटुंब आपल्या परिवारात आलं, टाळ्या!" मग घंटा वाजायची. ते निपाणीचं कुटुंब खरं होतं की त्यांचंच होतं, देव जाणे. मला तरी त्यातला बाप्या नंतर लिफ्टजवळ स्टाफबरोबर चहा पिताना दिसला.

आमच्या टेबलावर जो पोरगा बसला तो तीस-बत्तीसचा, एकदम गोड. पहिला अर्धा तास त्यानं काही विकलंच नाही. विचारत बसला. सर, तुमच्या वडिलांनी तुम्हाला लहानपणी कुठं नेलं होतं? आता आमचे अप्पा मिलमध्ये होते, त्यांनी आम्हाला एकदा, आयुष्यात एकदाच, जोतिबाला नेऊन पन्हाळ्याला नेलं होतं, आणि तिथं तटावर उभं राहून त्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं. मी हे सांगितलं. सांगताना आवाज बदलला माझा, अप्पा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानं पाणी दिलं. मग वहीवर लिहिलं, मुलगा 8, आणि खाली लिहिलं 18. म्हणाला, "सर, मुलगा अठराचा झाला की मित्रांबरोबर जाणार. तुमच्या हातात राहिल्या दहा सुट्ट्या. त्यातल्या किती वाया घालवायच्या ते तुम्ही ठरवा." आणि गप्प बसला. दोन मिनिटं काही बोलला नाही.

राग मला याचाच सगळ्यात जास्त येतोय अजून. कारण ती गोष्ट खोटी नव्हती.

मग हिशोब सुरू. चांगल्या हॉटेलला रात्रीचे 4 हजार धरा, सात रात्री 28 हजार, दहा वर्षांचे 2 लाख 80 हजार, वर महागाई. आमच्या क्लबचं सभासदत्व घ्या, दहा वर्षं, वर्षाला सात दिवस हॉटेल, किंमत 1 लाख 85 हजार. मी नाही म्हटलं. मॅनेजर आला, 1 लाख 20 हजार. नाही म्हटलं. मोठा मॅनेजर आला, त्यानं आमच्या पोराकडं बघून म्हटलं कोणीतरी आजच कॅन्सल केलंय, ते 79 हजारात देतो, पण आत्ता, उद्या नाही. साडेआठला आलेलो, साडेअकरा वाजलेले, धाकटी माझ्या मांडीवर झोपलेली, थोरला भूक लागली म्हणून रडतोय, कारण जेवण 'प्रेझेंटेशननंतर'. बायको दमलेली. घरी जाऊन विचार करतो म्हटलं तर म्हणाला, "सर, आपली मराठी माणसं इथंच मागं राहतात." लागलं मला ते. 20 हजार डेबिट कार्डातनं, 59 हजार क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांच्या हप्त्यांनी. अकरा पानांचा करार, बारीक इंग्रजी अक्षर, जिथं जिथं पेन्सिलनं फुली होती तिथं तिथं सही केली. एकही पान वाचलं नाही. घंटा वाजली आमच्यासाठी पण. जेवण म्हणजे गार पुलाव आणि एक गुलाबजाम.

करार वाचला तो एप्रिलमध्ये, शाळांना सुट्टी लागली तेव्हा. फोन केला, मे महिन्यात गोवा पाहिजे. मिळणार नाही, तुमचं 'व्हाइट सीझन' आहे. म्हणजे काय, तर एप्रिल-मे, दसरा, दिवाळी, नाताळ आणि प्रत्येक लाँग वीकेंड सोडून. मी म्हटलं अहो आमच्या पोरांना सुट्टी असतेच तेव्हा. त्या बाई म्हणाल्या जून-जुलै ट्राय करा सर. भर पावसात, शाळा बुडवून. आणि फ्री म्हणून दिलेलं ते तीन रात्रींचं व्हाउचर, त्याला सोमवार ते गुरुवारच जायचं, पाच वर्षांवरच्या मुलाचे पैसे वेगळे, आणि माणशी रोजचा 'युटिलिटी चार्ज'. बँकेला फोन केला, हे पैसे अडवता येतील काय म्हणून. खूप उशीर झाला म्हणाले. दुसऱ्याच दिवशी लेखी डिस्प्यूट टाकला असता तर निदान प्रयत्न तरी झाला असता, मी चार महिने व्हाउचर फ्रीजवर मॅग्नेटनं लावून ठेवलेलं.

पाच-सहा वेळा मागं लागून शेवटी पावसाळा संपता संपता आडवारी एक बुकिंग मिळालं, शाळा बुडवूनच. मागितलं होतं कळंगुट. मिळालं 'गोवा रिजन'. चोर्ला घाटात दोन्ही पोरांनी उलट्या केल्या, लिंबू हुंगवत नेलं, आणि पोचलो ते फोंड्याच्या बाजूला हायवेला लागून एक लॉज, समोर टायर पंक्चरचं दुकान. समुद्र पार तिकडं. धाकटी बादली आणि फावडं हातात धरूनच गाडीतनं उतरली आणि म्हणाली बीच कुठंय? मी काही बोललोच नाही. लॉजचं बांधकाम चाललेलं, पार्किंगमध्ये वाळूचा ढीग होता. पाच मिनिटांत दोघं त्याच्यावर. संध्याकाळपर्यंत किल्ला बांधला, वॉचमननं त्यांना सळईचा तुकडा दिला झेंड्यासाठी. मी आणि बायको पायरीवर बसून बघत होतो आणि एकमेकांकडं बघत नव्हतो. आता धाकटीला विचारलं की सगळ्यात भारी ट्रिप कुठली, तर सांगते, "तो ढीगवाला गोवा." तिला अजून सांगितलेलं नाही.

जानेवारी 2024 ला पत्र आलं, वार्षिक मेंटेनन्स 7,500 आणि वर जीएसटी, म्हणजे 8,850. दरवर्षी. भरला नाही तर सभासदत्व बंद. टेबलावर विचारलं होतं मी, आणखी काही भरायचं नाही ना? "एक रुपया नाही सर." करारात पान सातवर लिहिलेलं होतं. दहा वर्षांचं धरलं तर 88,500, मूळ 79 हजारांपेक्षा जास्त. मी भरला नाही.

मग जे केलं ते सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. आधी 1915 ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतनं बोलता येतं. तक्रार नोंदली, कंपनीचं उत्तर आलं की ग्राहकाला सगळं समजावलं होतं, सह्या आहेत. करारात लिहिलेलं की वाद झाला तर त्यांच्याच शहरातल्या कोर्टात यायचं, म्हणून मी गप्प बसलो होतो कित्येक महिने. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यांच्या गावाला जायची गरज नाही. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला आयोगाची फी पण नाही. पण दोन वर्षांच्या आत जायला पाहिजे, आणि माझे दोन महिने शिल्लक होते. नोव्हेंबर 2024 ला टाकली. तोंडी जे बोलले त्याचा पुरावा काय म्हणून वकिलांनी विचारलं तेव्हा माझ्याकडं काही नव्हतं, एक व्हॉट्सॲप मेसेज तेवढा, "डिनर आमच्याकडून". नोटीस त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावरनं परत आली, लिफाफ्यावर 'लेफ्ट', म्हणजे पत्ता सोडून गेले, असा शिक्का. तारखा चालू आहेत.

आणि आता नवीन. दिवाळीनंतर फोन आला, परत मराठीतनं, ह्या वेळी बाई. आम्ही रिफंड डिपार्टमेंटमधनं बोलतोय, तुमच्यासारख्या सभासदांचे पैसे परत द्यायची ऑर्डर झालीय, तुमचे 79 हजार मंजूर आहेत, फक्त जीएसटीचे 12,400 आधी भरा, लिंक पाठवते. माझ्याकडनं घेतलेला आकडा अचूक, तारीख अचूक. आमची यादी कुणीतरी पुढं विकलेली आहे, नाहीतर तेच लोक. पैसे परत देणारा आधी पैसे कशाला मागेल? त्या दिवशी पैसे गेले असते तर लगेच 1930 ला फोन करायचा, सायबर फ्रॉडचा नंबर, जेवढ्या लवकर तेवढं बरं. मी काही भरलं नाही, ऐकून घेतलं फक्त, रेकॉर्डिंग लावून. शेवटी ती बाई अगदी घरच्यासारखी म्हणाली, "दादा, मुलगा आता अकराचा झाला असेल ना? ह्या सुट्टीत कुठं नेणार?"

फोन कापला आणि नंबर ब्लॉक केला. परवा दुसऱ्या नंबरवरनं आला.