व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: छोट्या संस्थेला पुरतं का?

मुंबईतल्या पाच-सहा कार्यकर्त्यांच्या संस्थेला देणगीदारांशी संपर्क ठेवायला हे फुकटातलं ॲप पुरतं. पण त्याच्या खोडी ठाऊक हव्यात.

सगळ्यात मोठी खोड ब्रॉडकास्ट लिस्टची, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीची. एका यादीत २५६ नंबर बसतात, पण मेसेज पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. त्यामुळे दादरच्या प्रदर्शनात किंवा गणपतीच्या मंडपात नंबर गोळा करताना समोरच्याला तिथल्या तिथे आपला नंबर सेव्ह करायला लावा. नुसती वही भरून आणण्यात अर्थ नाही.

दुसरं म्हणजे, चॅटच्या यादीत मेसेजची सुरुवातच तेवढी दिसते. बहुतेक संस्था ती जागा 'सप्रेम नमस्कार, आमची संस्था वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी…' यात घालवतात. ('सर्वांगीण विकास' वाचून कुणी पाकीट काढत असेल असं वाटत नाही.) त्यापेक्षा असं लिहा: 'गोवंडीच्या अभ्यासिकेत मुलं ४०, पंखे दोन. तिसऱ्यासाठी २,२०० रुपये हवेत, शुक्रवारपर्यंत.' संस्थेचं नाव वर दिसतंच. एका मेसेजमध्ये मागणी एकच. पंखा, वह्या आणि स्वयंसेवक एकदम मागितले की वाचणारा 'नंतर बघू' म्हणतो आणि विसरतो.

पैसे कसे पाठवायचे, इथे हमखास घोळ होतो. क्यूआर कोडचं चित्र पाठवलं जातं. ते ज्या फोनवर आलंय त्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन कसं करणार? यूपीआय आयडी टाइप करून पाठवा, आणि तोही वेगळ्या मेसेजमध्ये, आजूबाजूला एक शब्दही नको. मेसेज दाबून धरून कॉपी केला की अख्खा मजकूर उचलला जातो, म्हणून.

क्विक रिप्लाय मात्र झकास. चौकटीत तिरकी रेघ (/) टाकली की साठवलेली उत्तरं समोर येतात. '८०जी पावतीसाठी (देणगीवरच्या करसवलतीची पावती) पॅनवरचं नाव, पॅन नंबर आणि पत्ता पाठवा' हे तिथे ठेवूनच द्या. करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हेही त्यातच लिहा. मार्चअखेरचे निम्मे प्रश्न वाचतील. चॅटवर लावायची लेबलं ठीकठाक. 'पावती बाकी' एवढं एक लावलं तरी भागतं.

बल्क एसएमएस घ्यावा का? नंबर सेव्ह नसलेल्यांसाठी तोच उपाय, पण खटाटोप बराच. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं म्हणून दिसणारं छोटं नाव) आणि मजकुराचा साचा डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदवावा लागतो. मजकूर साच्याशी जुळला नाही की मेसेज अडतो. शिवाय देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरंच, त्यात काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. 'शिष्यवृत्ती' हा एक शब्द ११ खातो. सत्तरच्या पुढे गेलात की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात.