बिजन की गिब्ज? पहिला पिक कोणावर टाकायचा

२०२५ च्या फँटसी फुटबॉल ड्राफ्टला (खऱ्या NFL खेळाडूंमधून आपली टीम निवडायची, त्यांच्या खेळावर आपले पॉइंट) आमच्या ग्रुपमध्ये एकच भांडण, अटलांटाचा बिजन रॉबिन्सन की डेट्रॉइटचा जमीर गिब्ज, दोघंही बॉल घेऊन पळणारे रनिंग बॅक. दोघंही २०२३ च्या खऱ्या NFL ड्राफ्टला पहिल्याच राउंडमध्ये गेलेले, बिजन ८ वा, गिब्ज १२ वा.

आता २०२४ चे आकडे बघा. बिजनचे ३०४ कॅरी (बॉल घेऊन पळणं), त्यात १४५६ यार्ड, वर ६१ कॅच, म्हणजे ३६५ वेळा बॉल हातात! गिब्जचे २५० कॅरी आणि ५२ कॅच, तरी १४१२ यार्ड आणि एकूण २० टचडाउन (बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन केलेला स्कोअर), बिजनचे १५ च. मग गिब्जच की, असं वाटतं ना? मलाही वाटलेलं.

पण डेट्रॉइटमध्ये तेव्हा गिब्जला वाटेकरी बसलेला, दुसरा रनिंग बॅक डेव्हिड माँटगोमेरी, त्याने २०२४ ला १२ टचडाउन खाल्ले, आणि तो डिसेंबरमध्ये जखमी झाल्यावर गिब्ज असला सुटला की मिनेसोटाविरुद्ध साखळीतल्या शेवटच्या मॅचला एकट्याने ४ मारले. २०२५ ला माँटगोमेरी परत आलेला, त्यात प्ले आखणारा कोच बेन जॉन्सन शिकागोला गेला आणि सेंटर (पुढच्या फळीतला मधला खेळाडू) फ्रँक रॅगनाउ रिटायर, म्हणजे पुढची भिंतच हलली.

अटलांटात असला घोळ नव्हता, दुसरा रनिंग बॅक टायलर ऑलजियर होता पण तो चटणी-कोशिंबीर, जेवण बिजनचंच. टचडाउन दरवर्षी तेवढे पडतीलच असं नाही हो, पण बॉल किती वेळा मिळणार याचा अंदाज बांधता येतो, आणि कॅचला पूर्ण एक पॉइंट असेल तर मी डोळे झाकून बिजन घेईन. लीगमध्ये कॅचला पॉइंटच नसेल तर मात्र गिब्जकडे हात वळवळतो.