तुरुंगात विणलेली सतरंजी: विणीला पैकीच्या पैकी, लेबलाचे गुण कापले

सुती सतरंजी, निळे-पांढरे पट्टे, एका मध्यवर्ती कारागृहाच्या विक्रीकेंद्रातून घेतली. माझी हयात सोलापूरच्या पूर्व भागात मागावर गेली, त्यामुळे कापड हातात आलं की आधी उलटं करून बघतो. दोन्ही बाजू सारख्या. आडवा धागा असा ठोकून बसवलाय की बोटानं रेटला तरी सरकत नाही. काठ एका रेषेत. हातमागावर हे साधायला हात बसलेला लागतो. पहिल्या धुण्याला निळा रंग थोडा गेला, पण आटली नाही. पंगतीला, झोपायला, दोन्हीला उत्तम.

लेबलावर माप आहे, किंमत आहे. विणणाऱ्याला काय मिळालं, ते नाही. काउंटरवर विचारलं, सांगता आलं नाही. आमच्याकडे मजुरीच्या दरावरून मालकाशी भांडता येतं, नाही पटलं तर दुसरा कारखाना गाठता येतो. या विणकराला दोन्ही वाटा बंद.

राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं. त्यात कैद्यांचा अपवाद लिहिलेला नाही. तरी १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं सक्तमजुरीच्या कैद्याकडून काम करून घेणं वैध धरलं, फक्त मोबदला न्याय्य द्या म्हणून बजावलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही सक्तमजुरी कायम आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुरुंगात जातीवरून कामं वाटणारे नियम न्यायालयानं रद्द केले, तेव्हा फार बरं वाटलं. झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे जातीवर ठरत होतं!

अमेरिकेत १८६५ च्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालेल अशी फट ठेवली. कोलोरॅडोच्या मतदारांनी २०१८ मध्ये आपल्या राज्याच्या घटनेतून ती काढली, नेवाडानं २०२४ मध्ये. कॅलिफोर्नियात मात्र त्याच निवडणुकीत लोकांनी नकार दिला.

तुरुंगातले माग बंद करा असं मी म्हणत नाही. कोठडीत कुजण्यापेक्षा माग बरा, आणि हा हात सुटल्यावर पोटाला लागेल. पण ‘नको’ म्हणायची मुभा माणसाला हवीच. कलम २३ मध्ये सरळ लिहावं, की शिक्षा म्हणूनसुद्धा कुणाला कामाला जुंपता येणार नाही. मग जो मागावर बसेल तो मजुरी ठरवून बसेल.

सतरंजी जरूर घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. घेताना मजुरी विचारा. चार जणांनी विचारलं तर लेबलावर छापावी लागेल. तशी छापलेली मिळाली की मी आणखी दोन घेणार आहे.