दहा महिने, बारा अल्बम आणि एक मुका डावा कान

टेलर स्विफ्ट कोण, तिच्याकडे पैसा किती, लग्न कोणाशी, हे इथे मिळणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मी जानेवारी ते ऑक्टोबर २०२५ या दहा महिन्यांत या अमेरिकन गायिकेचे बाराही अल्बम क्रमाने ऐकले, तेही बहुतेक डोंबिवली–सीएसएमटी फास्टच्या लेडीज डब्यात, १,७९९ रुपयांच्या इअरबडवर. त्यातला डावा बड २३ जूनला गेला. वॉरंटीचे ११ दिवस शिल्लक होते. तो गेला नसता तर हे लिहायला बसलेच नसते, कारण तोवर माझं मत चारचौघांसारखंच होतं.

मुळात हे सुरू झालं हिशेबापोटी. मुलगी दहावीला, टेलरची कट्टर. गाण्यांच्या ॲपच्या फॅमिली प्लॅनचे पैसे दर महिन्याला माझ्या खात्यातून कापले जातात आणि ऐकते ती एकटी. मी अकाउंट्समध्ये काम करते, मला असली वाया जाणारी सीट बघवत नाही. म्हटलं, पैसे वसूल करू. तिने अट घातली, "आई, शफलवर ऐकायचं नाही. पहिल्यापासून ऐक. साधारण महिन्याला एक."

जानेवारीत पहिला अल्बम. २००६चा, टेलर सोळा वर्षांची. बँजो, फिडल, स्टील गिटार, आणि शब्दांची शेपटी ओढून धरायची ती दक्षिणेकडची पद्धत. 'आय' म्हणायचं तर ते 'आऽ'च्या अंगाने जातं. याला इंग्रजीत काय म्हणतात ते जाऊ द्या, आपल्याकडे याला हेल म्हणतात. तेव्हा माझ्या डायरीत एकच ओळ आहे: "गोड आहे, पण सगळी गाणी एकसारखी. हेल जास्त." पुढे मी या हेलाच्या इतकी मागे लागेन असं तेव्हा वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत 'फिअरलेस' आणि इथे पहिला गोंधळ. ॲपवर दोन 'फिअरलेस' दिसतात, एक २००८चा आणि एक २०२१चा, कंसात 'टेलर्स व्हर्जन' लिहिलेला. मी पहिला दिसला तो लावला. मुंब्र्याच्या आसपास शेजारी उभी असलेली कॉलेजची मुलगी माझ्या स्क्रीनकडे बघून कळवळून म्हणाली, "काकू, जुनं नका लावू! त्याचे पैसे तिला जात नाहीत!"

मला हे प्रकरण ढोबळ ठाऊक होतं. २०१९मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमांचं मूळ रेकॉर्डिंग ज्या कंपनीकडे होतं ती कंपनीच विकली गेली, त्याबरोबर तेही परस्पर दुसऱ्याकडे गेलं, म्हणून तिने तीच गाणी नव्याने गायला घेतली. २०२१ ते २०२३मध्ये असे चार अल्बम आले. पण "पैसे जात नाहीत" हे हिशेबात बसत नव्हतं. गाणी तिने लिहिलेली, मग गीतकाराचा वाटा तर तेव्हाही तिलाच होता, मालकी बदलली ती रेकॉर्डिंगची. हे मी ठाण्यापर्यंत तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तरी पण नको ना काकू." भक्तीपुढे बॅलन्सशीट चालत नाही. मी मुकाट्याने नवं लावलं.

आणि खरं सांगते, तेव्हा मला नवंच आवडलं. आवाज भरदार, वाद्यं स्वच्छ, कुठे ताण नाही. अठराव्या वर्षी गायलेलं एकतिसाव्या वर्षी गायलं की दम कुठे घ्यायचा ते कळतं. मी मुलीला सांगूनही टाकलं की नवं घेतलं तर जुनं ठेवायची गरज नाही, अडगळच आहे ती. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते पुढे गिळायचं आहे.

मार्च 'स्पीक नाउ'चा. चौदाच्या चौदा गाणी हिने एकटीने लिहिली. लोक म्हणायचे की दुसरंच कोणी लिहून देतं, त्यांना दिलेलं हे उत्तर. याच्या नव्या आवृत्तीत दुसऱ्या मुलीला मारलेला एक टोमणा तिने बदलून सौम्य केला आहे, आणि त्यावरून चाहत्यांत अजून जुंपते. माझी मुलगी म्हणते बदललं ते बरं केलं, तिची मैत्रीण म्हणते विसाव्या वर्षीचा राग विसाव्या वर्षीचाच राहू द्यावा. मी त्या दिवशी भाजी निवडत होते, मत दिलं नाही.

एप्रिलचा 'रेड' म्हणजे घर बदलताना अर्धं सामान टेम्पोत आणि अर्धं जुन्या खोलीत असतं तसा अल्बम आहे. काही गाणी अजून नॅशव्हिलच्या कंट्री, म्हणजे अमेरिकी गावरान ढंगाची, काही स्वीडनच्या मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक या पॉप संगीतकारांच्या हातची, ठोकळेबाज ठेक्याची. नव्या आवृत्तीतलं ते प्रसिद्ध दहा मिनिटांचं गाणं ठाण्याला लावलं तर विक्रोळीच्या आसपास संपतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग मे महिना आणि '१९८९'. २०१४चा हा अल्बम, तिने स्वतःच पहिला अधिकृत पॉप अल्बम म्हणून जाहीर केलेला. पहिलंच गाणं न्यूयॉर्कचं, कारण ती तिकडे राहायला गेली होती. बँजो नाही, फिडल नाही. चकाचक, एकही शिलाई दिसत नाही. गर्दीच्या डब्यात हा सगळ्यात उत्तम चालतो, कुठेही शब्द हरवत नाही. मी याला साडेचार स्टार देऊन मोकळी झाले होते. ३० मे रोजी बातमी आली की टेलरने ती जुनी रेकॉर्डिंगं सगळीच्या सगळी विकत घेतली. मुलगी रडली. मी विचारलं, मग आता कंसातलं आणि कंसाबाहेरचं दोन्ही तिचंच ना? तर म्हणाली, "हो आई, पण तुला नाही कळणार."

जूनमध्ये 'रेप्युटेशन' आणि पावसाचा जोर एकदमच आले. दादरला पाणी, गाडी कुर्ल्याला पाऊण तास उभी. त्याच आठवड्यात डावा बड मुका झाला. डबीत चार्ज होतो, फोनवर जोडलेला दिसतो, बॅटरी ८० टक्के दाखवतो, फक्त आवाज नाही. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, आत ओल गेलीय. वॉरंटीत बसत नाही." मी खोकं सोबत नेलं होतं. त्यावर घाम चालतो असं छापलेलं दाखवलं. तर म्हणे, "घाम वेगळा, पाऊस वेगळा." म्हटलं, जूनमध्ये मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहून मला तो फरक करून दाखवा. एकटा डावा बड मिळेल का विचारलं, त्याची किंमत १,३५०. जोडी १,७९९ला घेतलेली! हे गणित मी त्याला तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं. मागची रांग माझ्या बाजूने होती, पण उपयोग शून्य.

हट्टाने मी तोच अर्धा जोड वापरत राहिले. तीन महिने. आणि इथे मत फिरलं.

एका कानाने ऐकल्यावर कळतं की गाणाऱ्याचा आवाज मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्ही कानांत सारखा, आणि गिटार, कोरस वगैरे मंडळी बरीचशी डावी-उजवीकडे वाटलेली. डावी बाजू गेली की अर्धं वऱ्हाड गायब आणि नवरी तेवढी समोर उरते. 'रेप्युटेशन' असा ऐकला तर पोकळ वाटला. रागावलेली बाई रिकाम्या हॉलमध्ये पाय आपटतेय असा. दोन स्टार लिहिले. कंटाळून मागे गेले, आणि बोट चुकून की मुद्दाम, माहीत नाही, जुन्या 'फिअरलेस'वर पडलं.

वाद्यं निम्मी, आवाज पूर्ण. आणि त्या आवाजात तो हेल! नव्यात हा इतका नाही हो. सूर तेच, शब्द तेच, पण शेपटी छाटलेली. एकतीस वर्षांच्या बाईला ती जीभ तशीच्या तशी वळवता आलेली नाही. मग मी वेडीच झाले. एक ओळ जुन्यातली, तीच ओळ नव्यातली, मागे-पुढे, मागे-पुढे. वहीत रकाने पाडले. जुन्या चारही अल्बमांत हेल कुठल्या गाण्यात किती, याचा तक्ता आहे माझ्याकडे. 'स्पीक नाउ'मध्ये तो पातळ होतो, 'रेड'मध्ये गाण्यागणिक येतो-जातो, '१९८९'मध्ये शून्य. '१९८९'चे साडेचार स्टार मी खोडून साडेतीन केले, केवळ या कारणासाठी. अन्याय आहे, मान्य.

याचं कारण गाण्यात नाही, माझ्यात आहे. मी कोल्हापूरकडच्या कागलची. आमच्याकडे बाईसुद्धा "मी आलो, मी जेवलो" म्हणते. लग्न होऊन डोंबिवलीत आले आणि पहिल्याच दिवशी जेवणानंतर "मी जेवलो" म्हणाले, तर नणंद इतकी हसली की तिच्या हातातून वाटी पडली. वाईट हेतू नव्हता तिचा. पण सहा महिन्यांत मी "आले, जेवले, बसले" झाले. माझं '१९८९' २००३ सालीच आलं म्हणायचं.

मुलीला मी हा शोध उत्साहाने सांगितला, तर तिने फुगाच फोडला. "आई, तो हेल तिचा नव्हताच. ती पेनसिल्व्हेनियाची, उत्तरेकडची. चौदाव्या वर्षी घरचे तिला घेऊन नॅशव्हिलजवळ आले. कंट्रीवाली दिसायला म्हणून उचललेला आहे तो." दोन दिवस मला हे पचलं नाही. म्हणजे मी ज्याच्यासाठी तक्ते केले ते सोंग? मग वाटलं, चौदाव्या वर्षी उचललेलं सोंग असेल, तर चोविसाव्या वर्षी मी उचललेलं "आले" काय आहे? ते तर आता झोपेतसुद्धा येतं. मुलीने खांदे उडवले आणि फोनमधला 'मोनो ऑडिओ' नावाचा पर्याय चालू करून दिला. त्याने दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येतो. हे आधी सांगितलं असतं तर! ज्यांचा एक बड गेलाय त्यांनी सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत शोधा, फुकट आहे.

जुलैतला 'लव्हर' गुलाबी आणि लांबलचक, अठरा गाणी, सहा कमी चालली असती. इथून पुढची रेकॉर्डिंगं पहिल्यापासून तिच्याच मालकीची, त्यामुळे कंसांची कटकट संपते.

ऑगस्टचे 'फोकलोर' आणि 'एव्हरमोर' मात्र लोकलमध्ये ऐकू नका. पैसे वाया. २०२०च्या लॉकडाउनमध्ये संगीतकार ॲरन डेसनरने संगीताच्या फाइल पाठवायच्या आणि हिने घरी बसून गायचं, असा 'फोकलोर' झाला, 'एव्हरमोर' त्याच्या पाठोपाठ. आवाज कानाशी कुजबुजल्यासारखा, कळव्याच्या खाडीवर तो पार बुडतो. मी शेवटी रात्री ओटा पुसताना, फोन स्टीलच्या डब्यात उभा करून ऐकले. (डब्यामुळे आवाज वाढतो.) 'फोकलोर'चं चौदावं गाणं लागलं आणि माझं फडकं थांबलं. माऊथऑर्गन वाजतोय आणि हेल परत आलाय! 'रेड'नंतर आठ वर्षांनी! गाण्यात ती सतरा वर्षांचा मुलगा होऊन मुलीची माफी मागते. म्हणजे मुलगा व्हायची वेळ आली तेव्हा जुनी जीभ सापडली. आमच्या कागलमध्ये बायकांना त्यासाठी गाणं लागत नाही. 'फोकलोर'ला पाच स्टार, या एका गाण्यासाठी.

सप्टेंबरमध्ये 'मिडनाइट्स' बरा, आणि २०२४चा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' म्हणजे शिक्षा. सोळा गाणी दिली आणि दोन तासांनी आणखी पंधरा. एकतीस! जाताना सुरू केलं, येताना ठाणे आलं तरी चालूच. फुकटात जास्त मिळालं म्हणून खूश व्हायला मी काही सेलमधली साडी घेत नव्हते. छाटणी करायला कोणी धजावत नसेल आता तिच्यासमोर.

सप्टेंबरअखेर हट्ट सोडला आणि ३४९चा सी-टाइप पिनचा वायरवाला इअरफोन घेतला. त्यावर पहिल्यांदा 'रेप्युटेशन' पुन्हा लावला आणि कान धरले. तो पोकळ वगैरे काही नाही, दोन्ही कानांत खालचा घुमारा आला की उभा राहतो. दोनाचे चार स्टार. या अल्बमची माफी मागायची तर सर्व्हिस सेंटरने मागावी. या अल्बमची नवी आवृत्ती तिने पाव भागही गायली नव्हती, असं तिनेच मेमध्ये चाहत्यांना लिहिलेल्या पत्रात म्हटलंय. बरंच झालं.

ऑक्टोबरमध्ये 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल' आला. पुन्हा तेच स्वीडिश जोडीदार, बारा गाणी, दादर यायच्या आत खलास. आटोपशीरपणाबद्दल अर्धा स्टार जादा. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात स्ट्रीमिंग धरून चाळीस लाखांच्या वर खप, पण एकच अल्बम किती वेगवेगळ्या कव्हरांत विकायचा याला काही धरबंध? न्यू जर्सीच्या माझ्या भाचीने तीन घेतले. गाणी तीच. मी फोनवर तिला विचारलं, एकच पातेलं तीन रंगांत घेतलंस का? ती म्हणाली, "मावशी, तू दोन 'फिअरलेस' ऐकतेस ना?" मुद्दा बरोबर होता, विषय बदलला.

इअरबडच्या तक्रारीचं उत्तर अजून नाही. तीन मेल केले, तिन्हींना "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे" असं आपोआप उत्तर येतं. मुका बड डबीत ठेवलाय, अजूनही इमानदारीत चार्ज होतो.

दिवाळीला माहेरी निघालो. कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेस, मी आणि मुलगी समोरासमोर, दोघींच्या कानात वायरी. पहाटे मिरज सोडलं तसा आईचा फोन आला, पोचायला किती वेळ? मी म्हटलं, "आलोच गं, चहा टाक. रात्री मी गाडीतच जेवलो."

मुलीने एका कानातली वायर काढली. "आई, हे कुठलं व्हर्जन?"