पिल्लाच्या खुराकापायी 28,629 रुपये गेले, वाचा अन् सावध राहा

एकूण गेले 28,629 रुपये. पावडरच्या किटचे 2,850, मग पार्सल नागपुरात अडकलं म्हणून 1,180, मग परताव्याच्या नावाखाली 9,999 आणि त्याच्या मागोमाग 14,600. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, आमच्या गावाचं हसून झालं आहे. "कुत्र्याच्या खुराकाले अठ्ठावीस हजार? तेवढ्यात गोऱ्हा आला असता ना!" हे मी पानठेल्यावर ऐकलं, बँकेत ऐकलं अन् ठाण्यातही ऐकलं.

वर्धा नदीच्या काठच्या गावात माझं कृषी केंद्र आहे. अडाणी माणूस नाही मी. बोगस बियाण्याचं पाकीट कसं ओळखायचं, लॉट नंबर कुठं पाहायचा, पक्कं बिल काहून मागायचं, हे दर हंगामात मीच लोकांना सांगत असतो.

लेकीच्या हट्टापायी पॉमेरेनियनचं पिल्लू घरी आलं. विकणारा म्हणाला, दोन महिन्यांचं आहे. दुकानातल्या काट्यावर ठेवलं तर 640 ग्रॅम. बरगड्या नुसत्या पाहून मोजता येत होत्या. पोळी हुंगायचं अन् तोंड फिरवायचं, वरणभात ठेवला तर वाटीत पाय देऊन उभं. दुधात बुडवलेलं बिस्किट तेवढं चाटायचं आणि मग पातळ संडास. आईचं एकच, "नखरे हायेत त्याचे. भूक लागली का खाईन आपोआप."

मी आधी तालुक्याच्या सरकारी पशुदवाखान्यातच गेलो होतो, ही गोष्ट हसणारे विसरतात. डॉक्टरांची जागा रिकामी, चार्ज दुसऱ्याच गावच्या डॉक्टरकडं, अन् ते लसीकरणाला गेलेले. तिथला व्रणोपचारक, म्हणजे मलमपट्टी करणारा कर्मचारी, म्हणाला, "काकाजी, अथी गाई-म्हशीचं पाह्यतात. याले काय टोचू, सुईच याच्यापेक्षा मोठी हाय." झालं. घरी येऊन मोबाइल उघडला तर समोर जाहिरात: छोट्या जातीच्या पिल्लाचं वजन पंधरा दिवसांत दुप्पट. जाहिरातीत पांढऱ्या कोटातला डॉक्टर.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, रोज पेपरात तेच येते. त्या जाहिरातवाल्या डॉक्टरनं फोटो मागवला, वजन विचारलं, "अंकल, बच्चे का लिवर कमजोर है, तीन दिन में शुरू नहीं किया तो बचेगा नहीं" म्हणून लेकीसमोर घाबरवलं. त्याला नोंदणी क्रमांक विचारायला हवा होता. खऱ्या पशुवैद्यकाची पशुवैद्यक परिषदेकडं नोंदणी असते, आणि महाराष्ट्राची परिषद तर आपल्या नागपुरातच आहे. क्रमांक द्यायला जो आढेवेढे घेईल त्याचा फोन तिथंच कापा.

पार्सल आलं, हीच तर गंमत. त्यामुळं तर भरवसा बसला. डब्यात सातूच्या पिठासारखी पावडर. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. असं पाकीट कंपनीच्या माणसानं माझ्या काउंटरवर ठेवलं असतं तर मी त्याला पायरीखाली उतरवला असता. दोनदा चारली आणि पिल्लाला हगवण लागली. मी पैसे परत मागितले. तो लगेच तयार! भांडला नाही, वाद घातला नाही. फसवणारा इतक्या गोडीनं पैसे परत करायला निघाला की समजून घ्या, खरी चोरी आता सुरू होणार.

त्यानं क्यूआर पाठवला. "स्कॅन करो, पैसा आ जाएगा." मी स्कॅन केला, आणि स्क्रीननं पिन मागितला.

राजेहो, माझ्या स्वतःच्या काउंटरवर क्यूआर चिकटवलेला आहे. शेजारी पैसे आले की ओरडणारा डबा आहे. दिवसभर लोक पैसे टाकतात, डबा रक्कम ओरडून सांगतो, मी खताची पावती फाडतो. त्यातल्या एका तरी रुपयासाठी मला कधी पिन टाकावा लागला का? स्क्रीनवर नाव कुण्या ट्रेडर्सचं होतं, डॉक्टरचं नव्हतं. खाली 'पे' लिहिलेलं होतं. हे सगळं मी वाचलं. डोळ्यांनी वाचलं आणि बोटांनी पिन टाकला. डबा गप्प राहिला, मोबाइलवर मेसेज आला, 9,999 वजा. तो म्हणाला, "सर्वर एरर है, दुबारा करो तो दोनों साथ में आएगा." दुसऱ्यांदा 14,600.

आता कुणी शहाणपण शिकवू नये. मृग तोंडावर होता, दुकानात कपाशीच्या पाकिटांसाठी रांग, लाइन गेलेली, मांडीवर लेक रडत होती आणि पिल्लू मान टाकून पडलेलं. अशा वेळी तुमचं डोकं किती चालते ते मलाही पाहायचं आहे. पण एवढं पाठ करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही.

आणि पैसे गेले की पहिला फोन 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, ठाण्यात जायच्या आधी. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येतात. मी ठाण्यात आधी गेलो. तिथं दुपारपर्यंत बाकावर बसवलं, आणि 1930 चं नाव एकानंही काढलं नाही. "लोकायचे लाखो गेले काकाजी, तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसले?" म्हणे जिल्ह्याच्या सायबरवाल्यांकडं जा. तिथले म्हणाले, गुन्हा तुमच्याच ठाण्यात नोंदवा. ठाण्यात परत आलो तर म्हणे आरोपी राज्याबाहेरचा दिसते, आमची हद्द नाही. हद्द! 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, ठाण्यानं खबर नोंदवून घ्यायची आहे. फसवणुकीची जुनी 420 आता भारतीय न्याय संहितेत 318 झाली, हेही मीच त्यांना सांगायचं का? शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला, तोही झेरॉक्स माझ्या खर्चानं. बँकेत साहेब म्हणाले, "पिन तुम्हीच टाकला ना? मंग आमचा संबंध नाही." सामान्य माणसानं जावं कुठं? पीक कर्जाचा हप्ता आठ दिवस लांबला तर हेच लोक घरी माणूस पाठवतात.

पिल्लाला नागपुरात खाजगी डॉक्टरकडं नेलं. त्यांनी दात पाहिले, म्हणाले दाढा अजून पुऱ्या आल्या नाहीत, पाच-सहा आठवड्यांचंच आहे. म्हणजे विकणाऱ्यानंही गंडवलं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांत बंदी आहे. संडास तपासली, पोटात जंत. लिवर ठणठणीत. जंताचं औषध अन् तपासणी मिळून 540 रुपये.

गाईचं दूध आणि बिस्किट बंद करायला लावलं. दुधानं पोट बिघडते, बिस्किटानं भूक मरते. उकडलेल्या बिनहाडाच्या कोंबडीचे बारीक तुकडे मऊ भातात, नाहीतर पिल्लाचं कोरडं खाद्य कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. कोमट असलं की वास सुटतो आणि तोंड लावते. वीस मिनिटांत नाही खाल्लं तर वाटी उचलायची, पुढच्या वेळी ताजं. फोडणीचं काही नाही, कांदा-लसूण तर कुत्र्याला विषच. खाद्य बदलायचं तर आठवडाभरात हळूहळू. वरून कॅल्शियमच्या गोळ्या मनानं द्यायच्या नाहीत.

आईला मात्र त्यांनी चांगलं सुनावलं. एवढ्याशा जीवाला "भूक लागली का खाईन" म्हणून उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते, पिल्लू लटपटते, झटकेही येतात. तसं दिसलं तर हिरड्यांना ग्लुकोजचं पाणी चोळायचं आणि दवाखाना गाठायचा.

आता काट्यावर 1 किलो 150 भरते. पैशांचा पत्ता नाही. आणि परवा तोच पांढरा कोट पुन्हा जाहिरातीत दिसला, नाव दुसरं, या वेळी बकऱ्यांचं वजन वाढवायची पावडर, 1,950 रुपये. मी तक्रारीचं बटण दाबलं. उत्तर आलं की जाहिरात त्यांच्या नियमांत बसते.